चुकीच्या हातातला ग्लोव्ह

शिनोलीतल्या यमाजीच्या घरात, खुंटीवरून मी बोलतोय. मी एक बेसबॉलचा ग्लोव्ह. शेजारी घोंगडी टांगलेली असते, ती काही बोलत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म जालंधरच्या कारखान्यातला. डाव्या हातात ग्लोव्ह घालून उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्यासाठी मला शिवलं होतं. इथल्या शाळेच्या खेळसामानात आलो तेव्हा मी इतका ताठ होतो की कुणी मला हात लावेना. लावला तो सुप्रियाने, यमाजीच्या थोरल्या लेकीने.

पोरगी डावखुरी. कळपातून फुटलेली मेंढी वळवायला ती डाव्या हाताने ढेकूळ फेकायची. ढेकूळ नेमकं मेंढीच्या पुढ्यात पडायचं, अंगाला कधी लागायचं नाही. फेकायला डावा हात मोकळा हवा, म्हणून तिने मला उजव्या हातात कोंबलं. तिचा अंगठा माझ्या करंगळीच्या घरात! मला कसंसंच झालं. तिलाही बोचलंच असेल, पण चेंडू कधी सुटला नाही. तीन वर्षं तिच्या घामाने मी मऊ झालो. खरं सांगायचं तर लाडावलो. बारावी झाल्यावर खेळाच्या सरांनी मला तिलाच देऊन टाकलं.

घरात मात्र तिचा डावा हात म्हणजे झाकायची गोष्ट. जेवताना तिची आई सुंदरा त्या हातावर चापट मारायची. "सासरी पावन्यांना डाव्या हातानं वाढनार का गं?" स्थळं येऊ लागली तशा चापटा वाढल्या.

२००३ च्या उन्हाळ्यात एक बाई दारात आल्या. पुण्याच्या एका कॉलेजच्या कोच, वृषाली मॅडम. हिवाळ्यात घोडेगावच्या सामन्यात त्यांनी लांबून एक मुलगी पाहिली होती. टोपीमुळे चेहरा दिसला नव्हता, डावा हात तेवढा लक्षात राहिला होता. ओट्यावर टेकताच त्यांनी विचारलं, "तुमची डावखुरी मुलगी कुठंय?"

सुंदराला वाटलं, स्थळाकडच्याच बाई, कुणीतरी पोरीची खोट सांगितली. ती ताडकन म्हणाली, "आमच्यात कुनी डावरं न्हाई, बाई. लोकांनी उगा उठवलंय."

सुप्रिया उजव्या हातात कपबशी धरून आली. मॅडमनी तो हात पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मग माझीच चूक. कॉलेजच्या संघात चेंडू टाकायला डावखुरी मुलगी हवी होती. फी माफ, राहणं-जेवण हॉस्टेलवर."

सुंदरा खोटं बोलून बसली होती, आता ते गिळणार कसं? मॅडम चपला घालू लागल्या. खुंटीवर माझा जीव वरखाली होत होता. अगं, बोल की! पण पाहुण्यांसमोर आईचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता.

तिने कपबशी ठेवली, मला खुंटीवरून काढलं आणि उजव्या हातात घातलं.

मोकळा राहिलेला डावा हात पाहून मॅडम हसू लागल्या. "चल, अंगणात!"

त्यांनी पिशवीतून आपला ग्लोव्ह आणि चेंडू काढला. सुप्रियाने पाच चेंडू टाकले. पाचव्याला मॅडम हात झटकत म्हणाल्या, "पुरे. घेतलं हिला."

यमाजी इतका वेळ मेंढरांपाशी उभा होता. "न्या बाई," तो म्हणाला. "आमी झाकीत व्हतो, तोच हात तुमी हुडकत आला."

सुंदराने तो डावा हात पदरात घेतला आणि रडली.

मग मॅडमनी पिशवीतून दुसरा ग्लोव्ह काढला, डावखुऱ्यांसाठी शिवलेला. सुप्रियाने तो घातला. प्रत्येक बोट आपापल्या घरात गेलं. तिचा चेहरा इतका खुलला की काय सांगू. अंगणातल्या मातीत पडून मी ते पाहिलं. आनंद झाला, आणि फार वाईटही वाटलं.

आता ती दिवाळीला येते. मला खाली काढते, धूळ झटकते, पण हातात घालत नाही. बरोबरच आहे तिचं. माझ्यात तिला कधी सुख नव्हतं. उजव्या हाताने फेकणारं कुणी गावात असेल तर मला खुशाल न्या, मी मुकाट चेंडू झेलीन. मी डाव्या हातासाठी शिवलेला आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही वाट पाहतो ती एका उजव्या हाताचीच.