नोंद क्रमांक २११

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी एस्तेर गावितने भावाच्या जुन्या, मनगटावर बांधायच्या डाइव्ह कॉम्प्युटरचं डावं बटण दाबून धरलं आणि पडद्यावर नोंद क्रमांक २११ आली. तारीख ९ डिसेंबर, दोन वर्षांपूर्वीची. पाण्यात उतरल्याची वेळ १०:१४. खोली १८.४ मीटर. पाण्याखाली ४७ मिनिटं.

तिने बटण सोडलं, पुन्हा दाबलं. आकडे तेच.

त्याच ९ डिसेंबरला दुपारी चार वाजता, खांडबाऱ्याजवळच्या त्यांच्या गावात, तिच्या वडिलांना मूठमाती दिली होती. योहान गावित सात तारखेला संध्याकाळी गेले. त्यांच्या घराण्यात पहिली मूठ थोरल्या मुलाची. थोरला दावीद अंदमानात, पर्यटकांना समुद्राखाली फिरवायच्या कामावर. समुद्र खवळलाय, एकही बोट सुटत नाही, असा त्याचा निरोप आला. आई मोगराबाई म्हणाली, "थांबा. तो निघालाय." मग नवापूरहून बर्फाच्या लाद्या आणल्या. नऊ तारखेला सकाळी एस्तेर अंगणात बसून वरवंट्याने बर्फ फोडत होती आणि मधूनमधून दावीदला फोन लावत होती. फोन लागत नव्हता. ११:२६ ला त्याचा मेसेज आला, "अजून जेट्टीवरच आहे. बोट नाही."

तो मेसेज तिने पुसला नव्हता. आता काढून पाहिला. १०:१४ मध्ये ४७ मिळवले की ११:०१ होतात. वर येऊन अंग पुसायला आणि फोन हातात घ्यायला पंचवीस मिनिटं पुष्कळ झाली.

पहिली मूठ शेवटी एस्तेरनेच टाकली. दोघा-तिघा म्हाताऱ्यांनी तोंडं फिरवली होती.

एस्तेर आश्रमशाळेत विज्ञान शिकवते. मेच्या सुट्टीत मालवणला जाऊन तिने स्कुबाचा पहिला कोर्स केला. दिवाळीत अंदमानला जाऊन दावीदसोबत उतरायचं ठरलं होतं. त्याआधी मनगटावर स्वतःचा कॉम्प्युटर हवा, म्हणून आठवडाभर शिक्षकांच्या खोलीत तिचं मोबाइलवर एकच चाललं होतं. शहाद्याकडचे अमृत सर शेजारी बसून बघायचे.

"मॅडम, आठली नदीमा उन्हाळामा घोटा बी बुडत नही. तुम्हले चाळीस मीटरनं घड्याळ कसाले?"

"घड्याळ नाही हो सर. किती खोल गेलो, किती वेळ झाला, आणि अंगात नायट्रोजन फार साठायच्या आत वर यायला किती मिनिटं उरली, ते सांगतं."

"म्हंजे मन्ही घरवालीच शे ती. कितला टाइम ऱ्हायना, बठ्ठं सांगस!"

एक महागडा होता. टाकीत हवा किती उरली तेही तो दाखवायचा. एस्तेरला तो नको होता. तिला मोठे आकडे हवे होते, गढूळ पाण्यात दिसतील असे, आणि बॅटरी घरीच बदलता आली पाहिजे. असा एक साधा तिने निवडलासुद्धा. दावीदला फोनवर सांगितलं तर तो उखडला.

"वेडी आहेस का गं? नवीन कशाला? माझं जुनं पडून आहे. पाठवून देतो. भाऊ मेलाय का तुझा?"

शनिवारी पार्सल आलं.

रविवारी ती नोंद पाहूनही एस्तेरने घाई केली नाही. माहितीपुस्तिका तिने दोनदा वाचली होती. बॅटरी काढली की घड्याळ शून्यावर येतं, तारीख हाताने घालावी लागते. ती चुकीची घातली तर पुढच्या सगळ्या नोंदी चुकीच्या. यंत्र खोटं बोलत नाही, पण सांगितलेलं ते मानतं. तेव्हा तारीख बरोबर होती का, हे तपासायला दुसरा पुरावा हवा.

तो तिला दहा मिनिटांत सापडला. त्याच वर्षी नाताळच्या सकाळी दावीदने पाण्याखालच्या कासवाचा फोटो पाठवला होता, खाली लिहिलं होतं, "आत्ताच वर आलो." कॉम्प्युटरमध्ये २५ डिसेंबरला सकाळची नोंद होती. मेसेजच्या वेळेशी जुळणारी.

म्हणजे नाताळला तारीख बरोबर होती. प्रश्न एवढाच उरला, की नऊ आणि पंचवीसच्या मध्ये बॅटरी बदलली होती का. बदलली असेल, तर नऊची नोंद दुसऱ्याच कुठल्या दिवसाची असू शकते. नसेल बदलली, तर बाप बर्फावर असताना थोरला मुलगा अठरा मीटर खाली होता. आणि दिवाळीत त्याच माणसाच्या भरवशावर तिला पाण्यात उडी घ्यायची होती.

८:०५ ला तिने लिहिलं, "दादा, बॅटरी शेवटची कधी बदललीस?"

तेवढ्यात चर्चला जायला तयार झालेली मोगराबाई दारात आली. "दावीदचं ते? आण इकडे." तिने कॉम्प्युटर बांगड्यांच्या वर चढवला, पट्टा शेवटच्या भोकात अडकवला. "सुंदरबाईला दाखवते. दोन वर्षं टोचते मला, तुझा मुलगा बापाच्या मातीला आला नाही म्हणून. मी तिला म्हटलं, समुद्र आडवा आला. तू पाहिलायस का समुद्र?"

"आणि तू पाहिलायस?"

"मी कुठे पाहिला? पण तो पाहतो ना रोज. तो खोटं कशाला सांगेल?" तिने मनगट वर करून पाहिलं. "चालतं ना हे?"

"चालतं."

"पाण्यात पण?"

"पाण्यातच चालतं, आई."

एस्तेरच्या तोंडापर्यंत ९ डिसेंबर आलं होतं. ती चपला शोधायला वाकली.

चर्चमध्ये मोगराबाईने पूर्ण वेळ डावा हात मांडीवर पालथा ठेवला होता, पडदा दिसेल असा.

१२:४० ला दावीदचं उत्तर आलं. "बॅटरी? डिसेंबरात बदलली होती बहुतेक. का गं, बंद पडलं?"

एस्तेरने लिहिलं, "दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात? किती तारखेला? नऊच्या आधी की नंतर?"

१२:४३ ला दोन खुणा निळ्या झाल्या. तो टाइप करत असल्याचं दोनदा दिसलं, दोनदा गेलं.

सोमवारी अमृत सरांनी विचारलं, "भाऊनं घड्याळ उनं का?"

"आलं."

"मंग नवं कॅन्सल?"

"ठरलं नाही अजून."

"फुकटनं शे ना, मॅडम! इचार कसाना करतस?"

एस्तेरने वह्यांचा गठ्ठा ओढून घेतला.

मंगळवारी सकाळी सात वाजेपर्यंत दावीदचं उत्तर आलेलं नव्हतं. नव्या कॉम्प्युटरची मागणी तिच्या मोबाइलवर अर्धवट भरलेली होती. पत्ता घातला होता, शेवटचं बटण दाबायचं बाकी होतं. अंगणातल्या नळावर मोगराबाई भांडी घासत होती. रविवारपासून तिने मनगटावरचं काढलं नव्हतं. पाणी लागलं तसा पडदा आपोआप जागा झाला. खोली ०.० मीटर.