पांढऱ्या पट्टीच्या आधीचं

मी एक जुनी टेप आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर आता बोलणंही जिवावर येतं. तपकिरी रंगाची, बोटभरही रुंद नसलेली, एका चकतीभोवती गुंडाळलेली. तुम्ही माझ्यासारखी पाहिली नसेल. पूर्वी आवाज आमच्या अंगावर साठवत. मशीनवर चढवलं की आम्ही पोटातलं सगळं सांगून टाकायचो. कुणी चढवलंच नाही, तर तोंडाला कुलूप.

कारखान्यातून कोरी निघाले तेव्हा मला भारी हौस होती. एखाद्या मोठ्या गायिकेचा आवाज आपल्या वाट्याला येईल, असं वाटायचं. वाट्याला आले तीन रॉक वाजवणारे आणि त्यांच्याबरोबर करवती, कानशी, खिळ्यांचा डबा आणि एक पत्र्याची बादली.

झालं होतं असं, की एका ताईने चित्रपट केला होता. चाळीस मिनिटांचा, एकही शब्द नसलेला. त्यात तिचे सुतार वडील एका फळीपासून खुर्ची तयार करतात, बस्स. त्याला संगीत हवं होतं तेही सुताराच्याच अवजारांचं. मग त्यांच्यातला उंच गिटारवाला, लंबू, तारांवर कानस घासू लागला. बेसवाला करवतीवर व्हायोलिनचा गज फिरवू लागला. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. पण ठोक्या, म्हणजे त्यांचा ड्रमवाला, पंधरा दिवस त्या सुतारकाकांच्या शेजारी बसून त्यांचा हात पाहून आला होता. रंध्याचा प्रत्येक फेर आणि त्याचा ठोका एकत्र पडायचा. तो वाजवायला लागला की माझं हसणं थांबत असे.

त्या आठवड्यात काका दवाखान्यात होते आणि ताई त्यांच्या उशाशी. त्यामुळे रेकॉर्डिंगला ती नव्हती. उसना आणलेला प्रोजेक्टर शेजारच्या खोलीतून काचेपलीकडच्या भिंतीवर चित्र टाकायचा आणि ते पाहत तिघे वाजवायचे. प्रोजेक्टरची जबाबदारी लंबूकडे होती. सकाळी बाकी सगळे चहाला गेले असताना प्रोजेक्टरचं चाक फिरवणारा पट्टा तुटला. लंबूने आपल्या बुटाची नाडी काढून बांधली. मग माझ्यासमोरच्या माईकवर टिचकी मारून, तो चालतोय की नाही हे पाहण्यासाठी म्हणाला, "प्रोजेक्टरचा पट्टा तुटलाय. बुटाची नाडी बांधलीय. जरा सावकाश पळतंय, पण पळतंय."

मी चालूच होते. मी ते जपून ठेवलं.

बाकीचे परत आले. भिंतीवरचे काका जरा निवांत काम करताना दिसले, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. वाजवून झाल्यावर रेकॉर्डिस्टने संगीत सुरू होतं तिथे मला एक पांढरी पट्टी चिकटवली. मला नेहमी तिथूनच लावायचं, असं ठरलं. लंबूने नवा पट्टा घालून प्रोजेक्टर परत केला, नाडी पुन्हा बुटात ओवली आणि चारच दिवसांनी बोटीवर वाजवायच्या नोकरीला निघून गेला. सांगण्यासारखं काही घडलंय, हे त्याच्या गावीही नव्हतं.

पहिल्या खेळाला काका बरे होऊन आले. धुतलेला कोट घालून पहिल्या रांगेत बसले. चित्रपट आता योग्य वेगाने पळत होता आणि मी बिचारी मागे पडत होते. काकांनी हातोडी खाली ठेवली तरी ठोके चालूच. खुर्ची तयार होऊन काका तिच्यावर बसले तरी माझी करवत थांबेना. लोक पोट धरधरून हसले. काकांना वाटलं, आपल्या कामाला हसताहेत. ते तसेच उठून गेले. दोन महिन्यांनी ते वारले, पण तोवर ती खुर्ची त्यांनी पुन्हा घरात घेऊ दिली नाही.

सगळं खापर ठोक्यावर फुटलं. ताई त्याला चारचौघांत म्हणाली, "तुला साधा ताल धरता आला नाही." बेसवाल्यानेही मान डोलावली. ठोक्याला स्वतःलाच ते खरं वाटलं, याचं मला सगळ्यात जास्त दुःख झालं. त्याने ड्रम विकले आणि खोकी बांधण्याच्या कामाला लागला.

आणि मी ताईच्या कपाटात. तीस वर्षं. खरं काय ते माझ्या अंगावर होतं, पट्टीच्या दोन हात अलीकडे. ओरडून ओरडून सांगावंसं वाटे, पण आम्ही स्वतःहून बोलत नाही. पुढे पुढे मीही नाद सोडला.

गेल्या महिन्यात जुने चित्रपट जपणाऱ्या एका संस्थेने ताईकडे तो चित्रपट मागितला आणि तिने मला चष्मेवाल्या तंत्रज्ञ बाईंपुढे ठेवलं. बाईंनी बोट फिरवताच माझा तपकिरी भुगा त्यांच्या बोटाला लागला. मला मंद उबेत वाळवून त्या म्हणाल्या, की ही आता एकदाच वाजेल, तेवढ्यात नक्कल करून घेऊ. ताई म्हणाली, पांढऱ्या पट्टीपासून लावा, आधी काहीच नाही. म्हणजे लंबूचं बोलणं पुन्हा राहूनच जाणार होतं.

"एकदाच वाजायचीय ना," बाई म्हणाल्या, "मग पहिल्यापासून वाजू दे."

लंबू बोलला. टिचकी, पट्टा, नाडी, सगळं. ताई खुर्चीचा हात घट्ट धरून शेवटपर्यंत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ती ठोक्याला घेऊन आली. केस पांढरे झालेले, बोटं सुजलेली. बाईंनी चित्र सावकाश सोडलं आणि माझी नक्कल लावली. काका रंधा मारू लागले. प्रत्येक फेराला ठोका बरोबर पडत गेला, एकही चुकला नाही.

"म्हणजे मी चुकलो नव्हतो," ठोक्या म्हणाला.

"नव्हतास रे," ताई म्हणाली. "चुकले ती मी."

मग तो हात पुढे करून म्हणाला, की आता ही बोटं मिटतसुद्धा नाहीत.

मित्रांनो, मला आता पुन्हा वाजवू नका, माझ्यात काही उरलेलं नाही. पण कुणाला दोष देण्याआधी पट्टीच्या अलीकडचंही ऐकून घ्या. आणि ते वेळेवर ऐका, वाजवणाऱ्याची बोटं मिटताहेत तोवर.