भवानीचं गिऱ्हाईक

प्रतिभाने विळीच्या टोकाने खोक्याची चिकटपट्टी फाडली. आतून पुन्हा लिंबू पिळायचं यंत्र निघालं. महिन्यातलं दुसरं. त्याआधी गाडीत लावायचा पंखा आला होता, आणि घरात साधी सायकल नव्हती.

"आई, हे कशाला?"

"आसू दे की. लागतं कधीमधी," भागीबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या.

कम्प्युटर घेतला होता तो पुण्याला असलेल्या थोरल्या बहिणीचं, दीपमालाताईचं तोंड दिसावं म्हणून. चौथी शिकलेली आई माउस चालवायला लागली, याचं प्रतिभाला कोण कौतुक! त्याच भरात तिने एकदा आपल्या कार्डावर आईला ऑनलाइन दुकानातून पातेलं मागवून दिलं, आणि कार्डाचा नंबर त्या साइटवर तसाच राहिला. आता गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे असल्या चिजांपायी गळत चालले होते. पण रागापेक्षा तिला कोडंच जास्त पडलं होतं. तुटल्याशिवाय जिने कधी नवी चप्पल घेतली नाही, तिला या वयात हा कसला नाद?

शेवटी एके दिवशी तिने ऑफिसला दांडी मारली आणि सकाळीच दाराआड उभी राहिली.

देवपूजा आटोपून भागीबाई खुर्चीत बसल्या. पडद्यावर पिवळी पट्टी उमटली. बोट फिरवत त्यांनी ती वाचली, "अभिनंदन! आजचे पहिले ग्राहक आपणच."

"घेते बाई, घेते," त्या पुटपुटल्या आणि स्वस्तातलं काहीतरी शोधायला लागल्या.

प्रतिभाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आईने तीस वर्षं नदीकाठच्या बाजारात भाजीची पाटी मांडली होती. भवानीची, म्हणजे दिवसाच्या पहिल्या विक्रीची नोट ती कपाळाला लावायची. आणि "उद्या येते हं" म्हणून पहिलंच गिऱ्हाईक पुढे सरकलं, की मान खाली घालून कोथिंबिरीवर पाणी शिंपडत बसायची.

प्रतिभाचा जीव कळवळला, पण बोलणं भाग होतं.

"अगं आई, ते सगळ्यांनाच तसं सांगतात. दुपारी उघडलंस तरी हेच दिसेल."

भागीबाई हसल्या. "मला का ठाव नाय? मी बी दुपारपस्तोर हरेकाला तेच सांगायची. ताई, भवानी तुमच्याच हातची हाय, म्हनून."

"मग?"

"मग काय! पाटी भरलेली आसली का मानूस आसं बोलतं. माल खपल्यावर कोन कशाला बोलंल?" त्यांनी सुजलेला गुडघा चोळला. "हे दुकान तर रोज बोलतंय बिचारं."

त्या गुडघ्याकडे बघतच प्रतिभाने माउस हातात घेतला आणि कार्डाचा नंबर पुसून टाकला. भागीबाईंनी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कम्प्युटर सुरू झाल्याचा आवाज आला. पिवळी पट्टी वाचून झाली.

"उद्या येते हं," भागीबाई हलकेच म्हणाल्या आणि मागे न बघता उठून गेल्या.

स्वयंपाकघरात प्रतिभा मान खाली घालून कोथिंबीर निवडत राहिली.