पंचेचाळीस मिनिटांचं विमान

माहेरी थोरलीच्या नवऱ्याला सगळे पाठीमागे 'माहितीखातं' म्हणत. तिला हे ठाऊक होतं आणि त्याचा कधी राग आला नव्हता.

धाकट्या बहिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. "ताई, आत नेण्याआधी तू समोर हवीस गं," एवढंच ती फोनवर म्हणाली. डोंगरापलीकडचं ते गाव बसने गाठायचं तर दिवस मोडायचा. थोरलीने चष्म्याच्या दुकानातून रजा काढली, बसचं तिकीट काढलं. तेवढ्यात माहितीखात्याने मोबाइल पुढे केला.

"बसने? काय अडाण्यासारखं! हे बघ, आपल्या विमानतळापासून त्यांच्या विमानतळापर्यंत अंतर किती, वेळ किती, सगळं दिलंय. पंचेचाळीस मिनिटं! सकाळी निघू, चहाला तिथे."

"अहो, पण तिकीट?"

"छोट्या विमानतळावर तिकीट तिथेच मिळतं. रद्द कर ती बस."

आणि तिने केली. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही केली, याचीच तिला नंतर जास्त चीड आली.

विमानतळ म्हणजे गवतात हरवलेली एक धावपट्टी, पत्र्याची शेड आणि खुर्चीत पेंगणारा व्यवस्थापक. माहितीखात्याने इस्त्रीचा कोट घातला होता.

"दोन तिकिटं द्या," तो रुबाबात म्हणाला.

व्यवस्थापकाने जांभई दिली. "कसली? इथे फवारणीचं विमान उतरतं. तेही हंगामात."

"मग ही पंचेचाळीस मिनिटं?"

"विमान असतं तर तेवढी लागली असती."

"अहो, पण इथे विमानाचं चित्र आहे!" माहितीखातं मोबाइल त्याच्या नाकासमोर नाचवू लागलं. वरिष्ठ कोण, तक्रार कुठे करायची, अशी सरबत्ती सुरू झाली.

बाहेर त्यांना सोडायला आलेली टॅक्सी अजून वळत होती. थोरलीने हात केला, आपली पिशवी तेवढी घेतली आणि बसली.

"अगं, थांब! मी बोलतोय ना!"

"बोला तुम्ही," ती म्हणाली. "पोटभर बोला."

स्टँडवर दिवसाच्या गाड्या निघून गेल्या होत्या, रात्रीची शेवटची बस मिळाली. घाटात जीव नकोसा झाला. दवाखान्यात पोचली तेव्हा उजाडलं होतं आणि धाकटीला नुकतंच आत नेलं होतं. बंद दारासमोरच्या बाकावर थोरली बसून राहिली. आत नेण्याआधीचा बरोबर एवढाच एक क्षण तिला गाठायचा होता.

दुपारी धाकटीने डोळे उघडले. "आलीस?"

"आले गं."

"सारखी दाराकडे बघत होते. भाऊजी कुठायत?"

"विमानतळावर. नसलेल्या विमानाशी भांडतायत."

सगळं ऐकून धाकटी पोट धरून कळवळली. "हसवू नकोस, टाके तुटतील माझे!" हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. थोरलीने ते पदराने टिपलं, आणि मग आपलंही.

दुसऱ्या दिवशी माहितीखातं बसने अवतरलं. कोट चुरगळलेला, तोंड उतरलेलं. पण नर्स दिसताच लगेच सुरू झालं, "खरं तर पित्ताशय म्हणजे ना…"

थोरलीने कॉटखालचं लघवीचं भांडं उचलून त्याच्या हातात दिलं.

"रिकामं करून आणा. संडास डावीकडे आहे. आणि वाटेत कुणाला काही समजावत बसू नका."

तो गेला. निमूट गेला.