शेवटचा पेपर कोरा

जोतीराम सांगलीच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला दोनदा नापास झाला होता. मुद्दाम. पास झाला की कॉलेज सुटणार आणि कबड्डीची टीमही सुटणार. नाव कॉलेजात असेल तरच विद्यापीठाच्या सामन्यात उतरता यायचं. म्हणून खेळाचे सर हंबीरराव चांगल्या गड्याला परीक्षेआधी सांगायचे, शेवटचा पेपर कोरा टाक.

"औंदा न्हाई जमायचं, सर. भरतीचं वय निघून जाईल," तिसऱ्या खेपेला जोती म्हणाला.

"भरती कुटं पळून जाती व्हय रं? मिल्ट्री हाय ती, लग्नाची पंगत न्हाई उठून जायला. तुज्याबिगर चढाई कोन करनार, मी?" सरांनी सुटलेल्या पोटावरनं हात फिरवला. पोरं खिदळली. जोतीही हसला.

तिथंच फसला गडी. तिसऱ्यांदाही शेवटचा पेपर कोरा टाकला.

त्याचा बाप गुंडा, कडेगावचा. मिल्ट्रीतनं हवालदार म्हणून पेन्शनीत आलेला. शिक्षण कमी म्हणून वर चढता आलं नाही, ते त्याच्या मनात लय सलायचं. म्हणून पोराला एकच अट, आधी बी.ए., मग भरती. कोऱ्या पेपरचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. पारावर म्हणायचा, "मैदानात वाघ हाय माजा. पुस्तकात जरा मंद."

पुढच्या साली कप आला. हलगी लावून पोरांनी जोतीला सांगलीभर खांद्यावर नाचवला. मग त्यानं पेपर पुरे लिहिले, पास झाला, आणि बापलेक साताऱ्याला भरतीला गेले.

दौडीत जोती पहिला आला. छाती भरली, उंची भरली. सुभेदारानं जन्मतारीख बघितली आणि मान हलवली.

"झकास पळलास. पन वय उलटलं की रं. गेल्या साली का न्हाई आलास?"

बाहेर लिंबाखाली गुंडा पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता. ऐकलं आणि पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत राहिला.

"माजंच चुकलं," मग म्हणाला. "तुला डोकं न्हाई अभ्यासाचं, तरी बी.ए. हो म्हनून मीच अडवून धरलं."

"दादा, आवं..."

"ऱ्हाऊ दे. तुजा काय दोष त्यात?" म्हाताऱ्यानं पुडा सोडला. "खा. उपाशी पळलास."

जोतीनं पेढा घेतला. अख्खाच तोंडात घातला.

एसटी आली. म्हाताऱ्यानं रुमाल टाकून खिडकीची जागा धरली, पोराला तिथं बसवलं. कऱ्हाड येईपर्यंत जोती बाहेरच बघत राहिला.