काथवटीच्या काठावरचा डाग

मी पीठ मळायची एक जुनी लाकडी काथवट आहे. मित्रांनो, पोलंडमधल्या एका खेड्यात, पेत्रोनेला नावाच्या शेतकरणीच्या घरी, काळ्या पावाचं पीठ माझ्यात भिजायचं. मला कधी धुवत नसत. अंगाला चिकटून राहिलेल्या आंबट पिठानेच पुढच्या वेळचं पीठ फुगायचं. एकदा भट्टीजवळ माझा काठ पोळला आणि घोड्याच्या नालाएवढा डाग पडला. तेवढीच काय ती माझ्यात खोट.

आमच्याकडे लग्नात नवरीला पालथ्या काथवटीवर बसवून तिच्या डोक्यावर सवाष्णीची टोपी चढवतात. कुमारी नसलेली नवरी काथवटीवर टेकली तर त्या घरचा पाव सात वर्षं फुगत नाही, असं सगळे मानायचे. पेत्रोनेलाची सून साल्का लग्नाआधी जमीनदाराकडे कामाला होती. तिथे तिच्यावर जबरदस्ती झाली होती. तिचा काडीचाही दोष नव्हता, पण बोलायची सोय नव्हती.

“बस की गं! काथवट काय चावते का तुला?” लग्नातल्या बायका हसल्या.

साल्काने घागरा पसरला आणि बसल्यासारखं केलं. टेकली मात्र नाही. गाणं संपेपर्यंत गुडघे वाकवून तशीच अधांतरी राहिली. पाय लटलटत होते बिचारीचे. सासरच्या पावाला बाध येऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप! तो फक्त मला कळला. पुढे सहा वर्षं तिने माझ्यात पीठ मळलं आणि पाव टम्म फुगत राहिला.

मग एका उन्हाळ्यात वॉर्साहून एक लेखक आमच्याकडे राहायला आला. माणूस मायाळू. पीठ मळता मळता साल्काने त्याला सगळं सांगून टाकलं. तिचं मन हलकं झालं म्हणून मलाही बरं वाटलं. त्याने गावाकडच्या माणसांवर मोठी कादंबरी लिहिली, तिची देशभर वाहवा झाली. त्यात साल्काची सगळी हकीगत होती. तिचं नाव बदललं होतं, पण माझं वर्णन हुबेहूब होतं, डागासकट. हिवाळ्यात चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्याने ती गावाला वाचून दाखवली. डागाचा उल्लेख येताच सगळ्यांच्या माना साल्काकडे वळल्या.

“सटवे, माझ्या काथवटीवर बसलीस?” सासू कडाडली.

“नाही हो आई! देवाशपथ, जरासुद्धा टेकले नव्हते!”

“म्हणजे तुझं तुला ठाऊक होतं तर!”

पाप धुवायचं म्हणून पेत्रोनेलाने मला राखेच्या उकळत्या पाण्याने घासघास घासलं. माझ्या अंगातलं आंबवण मेलं. त्या शनिवारी पाव दगडासारखा निघाला.

“बघा, आता तरी पटलं ना?” ती शेजारणींना म्हणाली. सहा वर्षं फुगलेला पाव कुणालाच आठवला नाही. साल्काच्या नवऱ्यानेही तिची बाजू घेतली नाही. साल्काला भर बर्फात घराबाहेर काढलं. बर्फ वितळल्यावर ती ओढ्याकाठी सापडली.

मी बरीच वर्षं माळ्यावर धूळ खात पडले होते. आता शहरातल्या संग्रहालयात काचेआड आहे. कादंबरीतली काथवट म्हणून माझं कौतुक होतं, शाळेची मुलं डागाकडे बोट दाखवतात. मित्रांनो, त्या डागाची मला लाज वाटते. कुणी विश्वासाने सांगितलेलं जिवापाड जपा. नुसतं नाव झाकून भागत नाही.

इथे मला पालथी ठेवली आहे, लग्नात ठेवतात तशी. आता माझ्यात कुणी पीठ भिजवत नाही. साल्का, आता तरी बस गं. नीट टेकून बस.