टेबलाखालची चित्रं

बटण शाळेतून थेट माझ्या शिलाईच्या दुकानात येते. बटण म्हणजे माझी नात, वय वर्षं सहा. हातातून निसटली की कुठे जाऊन बसेल याचा नेम नाही, म्हणून हे नाव. तिची आई, म्हणजे माझी लेक, कामावरून सुटेपर्यंत दोन तास दुकान तिच्या ताब्यात असतं. टेप गळ्यात अडकवून ती माझी मापं घेते आणि पोट दोनशे सांगते. मी निमूट मान्य करतो. चाळीस वर्षं लोकांना ताठ उभं केलं, आता माझी पाळी. ती मला खुशाल अरे-तुरे करते. तिच्या आईची अजूनही टाप नाही.

मंगळवारी तिने कहर केला. गिऱ्हाइकाच्या कोटाचं काळं कापड मी टेबलावर पसरलं होतं. इस्त्री तापली का बघायला पाठ फिरवली, तेवढ्यात तिने खडूने त्यावर मांजर काढलं. चांगलं गलेलठ्ठ, मिशा पार काठापर्यंत. मी पोट धरून हसलो. शेजारच्या घड्याळवाल्याला बोलावून दाखवलं. मग ब्रशने झटकलं, तेही तिची परवानगी घेऊन.

"आई पण काढायची का रे कापडावर?"

"एकदाच," मी म्हणालो.

ते एकदा मला चांगलं आठवतं. लेक असेल सातेक वर्षांची. तेव्हाही कोटच होता. मोजायच्या लाकडी पट्टीने मी तिच्या हातावर वळ उठवले, गिऱ्हाइकासमोर. नंतर कित्येक वर्षं चारचौघांत ऐटीत सांगायचो, एका दिवसात पोरगी सुतासारखी सरळ झाली, पुन्हा म्हणून कशावर रेघ ओढली नाही.

बटण चिंध्या गोळा करायला टेबलाखाली शिरली.

"ए आजोबा, खाली ये. इथे पण मांजर आहे."

गुडघे कुरकुरले, पण मी रांगत आत गेलो. तिने वर बोट दाखवलं. फळीच्या खालच्या बाजूला निळ्या बॉलपेनने काढलेली मांजरंच मांजरं. याच फळीवर हात टेकून मी जन्म काढला होता. आणि मांजरांच्या मधेमधे पाय. नुसते पाय, घोट्यापर्यंत, मशीनच्या पायडलवर ठेवलेले. दहा-बारा जोड्या तरी असतील. डाव्या चपलेचा अंगठा दोऱ्याने शिवलेला. ती चप्पल माझी होती.

लेक आली तेव्हा मी तसाच खाली बसलेलो.

"बाबा, पडलात की काय?" म्हणत ती घाईने वाकली, आणि मी काय बघतोय ते तिला दिसलं. मग पर्स ठेवून आमच्याशेजारी येऊन बसली.

"आई, हे कुणाचे पाय?"

"आजोबांचे. इथून तेवढेच दिसायचे."

"मग एवढे सारे कशाला काढलेस?"

"लक्ष ठेवायला लागायचं ना गं." लेक अगदी सहज म्हणाली. "पाय चालू आहेत तोवर काढायचं. थांबले की पेन लपवायचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तासाभरापूर्वी ज्या मांजरावर मी हसलो होतो, तेच मांजर काढताना माझी लेक इथे माझ्या पायांना भीत बसली होती. तिच्याकडे बघायची मला लाज वाटली. चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "चहा मागवू?"

"नको, बाबा."

"आजोबा, तू मशीनवर बस," बटण म्हणाली. "मला पण पाय काढायचेत."

मी बाहेर आलो आणि मशीनवर बसलो. दोरा ओवलेला नव्हता, सुईखाली कापड नव्हतं. तरी पाय चालू केले. थोड्या वेळाने खालून लेकीचा आवाज आला, "दे गं जरा पेन. या मांजराच्या मिशा राहिल्यात."

"चुकलं माझं," मी मशीनच्या आवाजातच म्हणालो. पाय मात्र थांबवले नाहीत.